घरातला घोर आणि पोरांची झोप
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आपल्या बैठकीत कापसाचा भाव निघतो, कर्ज निघते, वीज निघते. पोरांच्या मनाचा विषय काही निघत नाही. तो घरचा, बायकांचा विषय, असे आपण धरून चालतो. आज आम्ही तोच मांडणार आहोत, कारण शेतीच्या तोट्याचा एक हप्ता पोरेही फेडत असतात. तो कुठल्या वहीत लिहिला जात नाही, एवढेच.

पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा गप्प राहतो, ताट सरकवतो, शाळा बुडवतो, उलटून बोलतो. आपण म्हणतो, मस्ती आली. पोरगी कोपरा धरून बसली तर म्हणतो, वयच तसे आहे. काही वेळा ते खरेही असते. पण दोन-दोन आठवडे कशातच मन रमत नसेल, झोप उडाली असेल, ‘माझा काय उपयोग’ असे शब्द तोंडी येत असतील, तर तो आजार असू शकतो. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मनाचे निम्मे आजार वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात.

हा आजार येतो कुठून? अमेरिकेत डॉ. फेलिटी आणि डॉ. अँडा यांनी साडेनऊ हजार मोठ्या माणसांना त्यांचे लहानपण विचारले. मार खाल्ला का? घरात दारू होती का? आईला मार बसताना पाहिले का? १९९८ साली निष्कर्ष छापले गेले. निम्म्याहून जास्त माणसांनी यातले काही ना काही भोगले होते. ज्यांनी अशा चार किंवा जास्त गोष्टी भोगल्या, त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न भोगलेल्यांच्या चार ते बारा पट निघाला.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. ज्वारी पोटरीत असताना पाण्याचा ताण बसला, तर कणीस भरत नाही. कपाशीला ताण बसला, तर पाते गळते. पोरालाही ताणच बसतो. रोज घरात आरडाओरडा असेल, तर पोराचे अंग सदा सावध राहते. छाती धडधडते, कान जागे राहतात. दारात सावकार उभा राहून बापाला बोलून गेला, की बाप विसरेल, पोरगा विसरत नाही. कान जागे ठेवून पडलेल्याला झोप कशी लागावी?

इथेच झोपेचा संबंध येतो. तेरा ते अठरा वर्षांच्या पोराला आठ ते दहा तास झोप लागते. त्यातच या वयात शरीराचे घड्याळ पुढे सरकते, रात्री झोप उशिरा येते. तो आळस नव्हे, वाढीचा भाग आहे. अपुऱ्या झोपेने मेंदूतला भीतीचा, रागाचा भाग भडकतो आणि त्याला आवरणारा भाग ढिला पडतो. म्हणून लहानशा बोलण्याने पोर पेटते किंवा खचते. खचलेल्याला पुन्हा झोप येत नाही. असा हा रहाट फिरत राहतो.

मग कोणी म्हणेल, भाव द्या, पैसा आला की सारे ठीक होईल. यावरही एक पाहणी आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९९३ पासून १,४२० पोरांची दरवर्षी विचारपूस होत होती. त्यांत चेरोकी आदिवासींची पोरे होती. मधल्या काळात जमातीचे जुगारघर सुरू झाले आणि नफ्यातला वाटा घरोघर मिळू लागला. २००३ साली हिशेब छापला गेला. गरिबीतून वर आलेल्या घरांतल्या पोरांची दांडगाई, भांडणे कमी होऊन कधीच गरीब नसलेल्यांइतकी झाली. आईबापांना पोरांकडे बघायला सवड मिळाली, हे त्याचे मोठे कारण. पण पोरांची उदासी आणि चिंता मात्र तेवढ्याने कमी झाली नाही.

भावांनो, या हिशेबाच्या दोन्ही बाजू वाचा. घामाचे दाम मागणे हे पोरांच्या मनासाठीही मागणे आहे, हे त्यातून सिद्ध होते. पण दाम मिळेपर्यंत पोराच्या मनाचे काम थांबवता येत नाही, आणि दाम मिळाल्यावरही ते उरतेच.

म्हणून पैसा न लागणारी कामे आजच करायची. कर्जाची भांडणे रात्री पोरांच्या उशाशी नकोत. पोरांवर आणि त्यांच्या आईवर हात उचलायचा नाही. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला किंवा रानडुकरांच्या राखणीला शाळकरी पोराला पाठवायचे नाही. दिवसा वीज का हवी, याचे हे आणखी एक कारण. झोपताना मोबाईल पोराच्या उशाखाली नको, आणि आपल्याही नको. २०२२ पासून कॅलिफोर्नियात मोठ्या पोरांच्या शाळा साडेआठच्या आधी भरत नाहीत. आपल्याकडे २०२४ साली नऊची वेळ ठरली, ती चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. मोठ्या पोरांसाठी कोण बोलणार? शाळा समितीत आपणच बसतो ना?

आणखी एक. फवारणीचे औषध घरात मोकळे ठेवू नका, कुलपात ठेवा. पोराच्या बोलण्यात मरणाची भाषा आली, तर जवळ बसून सरळ विचारा. विचारल्याने तसे विचार डोक्यात भरत नाहीत, उलट ओझे हलके होते. मग डॉक्टरांकडे न्या. सरकारचा टेलिमानस फोन २०२२ पासून आहे. नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो.

लहानपणी भोगलेले पोर वाया गेले, असे कोणी समजू नये. उशिरा का होईना, पाऊस आला की कपाशी पुन्हा पाते धरते. घरात एक जरी माणूस धीर देणारे असले, तर पोर सावरू शकते. ते माणूस आपण व्हायचे. आज घरी गेल्यावर पोराला मार्क विचारू नका. झोप कशी लागते, एवढेच विचारा, आणि तो काय सांगतो ते पुरते ऐकून घ्या.