म्हातारपणाची शिदोरी

डहाणूच्या वाडीत चिकू उतरवणारा गडी झाड कधी ओरबाडत नाही. तयार फळ काढतो, कोवळं फांदीवर ठेवतो. त्या फांदीची आठवण मला उशिरा झाली.

मी एका कारखान्यात कारकून होतो. दुसऱ्यांचे हिशेब चोख, स्वतःचे कच्चे. भाच्याने टेम्पोसाठी कर्ज काढलं. "मामू, फक्त सही हवी," म्हणाला. मी जामीन राहिलो. त्याचा धंदा बसला, आणि त्याच वर्षी आमचा कारखानाही बंद पडला. वसुलीवाला दारात आला. "भाई, तुमचा फंड आहे ना? काढा आणि मोकळे व्हा. नाहीतर कोर्टातून जप्त करू."

अम्मी म्हणायची, कर्ज डोक्यावर ठेवून माणसाने जाऊ नये. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी फंड काढायचा अर्ज भरून निघालो. वाटेत ओळखीचे एक वकील भेटले. अर्ज बघून म्हणाले, "भाई, हा कागद खिशातच ठेवा."

त्यांनी समजावलं ते असं. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यातून सुटका नाही. पण कायदा सांगतो, की भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातली रक्कम कुणाच्या कर्जापोटी कोर्टालाही जप्त करता येत नाही. ती गहाण ठेवता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. ग्रॅच्युइटीलाही कायद्याने असंच कवच दिलं आहे. पीपीएफही कोर्टाच्या जप्तीबाहेर. आमच्या भागाला लागू असलेल्या १९२० च्या नादारी कायद्यातही, जप्तीतून वगळलेली मालमत्ता देणेकऱ्यांत वाटली जात नाही. बँकेतल्या साध्या ठेवीला मात्र हे संरक्षण नाही. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी ठेवीत गुंतवली तरी तिचं संरक्षण जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं. पण ते सिद्ध करायला कागद जपून ठेवावे लागतात. फंड आपल्याच हाताने काढून दिला, तर कायदा काय करणार?

मला तलासरीची आठवण झाली. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांपायी इथला वारली आयुष्यभर सावकाराच्या शेतावर राबायचा. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये झरी गावात वारली जमले आणि ती वेठ नाकारली. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये ते दिवस लिहून ठेवले आहेत. देणं नाकारणं वेगळं आणि देण्यापायी उरलेलं आयुष्य गहाण टाकणं नाकारणं वेगळं.

मी देणं नाकारलं नाही. वाडीत हिशेब लिहायचं काम धरलं, वित्तसंस्थेला लेखी विनंती करून हप्ते बांधून घेतले. भाचाही रिक्षा चालवून निम्मे भरू लागला. चार वर्षं लागली. शेवटची पावती मिळाली त्या दिवशी अम्मीच्या कबरीवर जाऊन आलो.

जामिनाची सही करताना दहादा विचार करा. आणि वसुलीवाला फंडाचं नाव काढील, तर पैसे काढण्याआधी एकदा वकिलाला विचारा. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. पात्र माणसाला तिथे मोफत सल्ला मिळतो. माझा फंड अजून खात्यात आहे. फार नाही, पण म्हातारा-म्हातारीच्या औषधापुरता आहे.