धीराची ओल
(उत्तररंगातील निरूपण)

बोला, प्रभू येशू ख्रिस्त की जय!

मंडळी, पूर्वरंगात आपण पौलाची चार पायऱ्यांची शिडी पाहिली. रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ती आहे. पहिली पायरी संकटाची, दुसरी धीराची, तिसरी शीलाची आणि चौथी आशेची. आपलं काय होतं? पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा नाही आणि हात मात्र चौथीला घालायचा. अशी शिडी चढता येत नाही, बाबांनो.

सेवेला निघालेली तरुण पोरं-पोरी आज इथं बसली आहेत. कुणाला गळा आहे, कुणाला वचनं पाठ आहेत. चांगलं आहे. गळ्याशिवाय आणि पाठांतराशिवाय कीर्तन उभं राहत नाही. पण सेवा उभी राहते ती शीलावर, आणि शील पाठ करता येत नाही. ते पिकावं लागतं.

आपल्याकडची रब्बीची ज्वारी बघा. पारनेर, कर्जत, जामखेड, सगळीकडे आहे. हस्ताच्या पावसाच्या आगेमागे पेरली की पुढं आभाळ कोरडं. मग ती कशावर येते? जमिनीत मुरलेल्या ओलीवर! वरून काही मिळेना की मूळ खाली जातं. जेवढं खाली जाईल तेवढं कणीस भरतं. वरवरच्या मुळाचं पीक चार दिवस हिरवं दिसतं आणि ऊन तापलं की मान टाकतं. प्रभूनं खडकाळ जमिनीवर पडलेल्या बियाची गोष्ट सांगितली, ती हीच.

सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जाणारे तुमच्यात पुष्कळ आहेत. पायी चालणाऱ्याला विचारा. निघताना सगळेच पुढं असतात. खरा यात्रेकरू कळतो तो पायाला फोड आल्यावर. तेव्हा कोण दुसऱ्याची पिशवी घेतो आणि कोण दुसऱ्यावर खेकसतो, ते बघायचं. शील तिथं दिसतं.

आता आख्यान ऐका. त्यासाठी लांब जायला नको. आपल्या नगरातच रेव्हरंड नारायण वामन टिळक राहिले. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थानं त्यांना नवा करार दिला. पुढं दोन वर्षं हा माणूस वाचत राहिला, स्वतःशी झगडत राहिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं ते सांगत. पण आज मला त्यांच्याबद्दल कमी आणि लक्ष्मीबाईंबद्दल जास्त बोलायचं आहे.

नवऱ्यानं धर्म बदलला आणि या बाईच्या पायाखालची जमीन गेली. जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी. माहेरी सोवळंओवळं एवढं कडक, की पाणीसुद्धा शिवाशीव बघून. कडेवर लहानगा दत्तू. नवरा जिवंत, आणि संसार मात्र मोडलेला. काही काळ त्या पंढरपुरात नातेवाइकांत राहिल्या. मग नगरला आल्या, पण आपली चूल वेगळी ठेवली. नवरा म्हणतो म्हणून मी देव बदलणार नाही, हा त्यांचा बाणा होता. त्यांनी प्रश्न विचारले, भांडण केलं, विचार केला. ही जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न स्वतःच्या मनाला विचारला आणि त्याचं उत्तर मिळाल्यावरच पाऊल उचललं. १९०० साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी!

मंडळी, ही पाच वर्षं नीट बघा. धीर म्हटलं की आपल्याला वाटतं, खाली मान घालून सोसणं. लक्ष्मीबाईंनी मान खाली घातली नाही. खरं वाटत नाही तोवर हो म्हटलं नाही, आणि माणूसही सोडलं नाही. सत्य सोडायचं नाही आणि माणूस सोडायचं नाही. दोन्ही एकदम धरून ठेवायला जे बळ लागतं, त्याला पौल धीर म्हणतो.

पुढचं सोपं होतं असं नाही. टिळक मोठ्या मनाचे, पण तापट. हातात पैसा टिकायचा नाही. घरात कायम अनाथ, निराश्रित पोरं. प्लेगच्या साथीत नगरला मिशनच्या मुलींची काळजी लक्ष्मीबाईंनी वाहिली. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी राहिले ते आपला धर्म सांभाळून, आणि या माउलीनं त्यांनाही पोटच्या पोरासारखं जपलं. सेवेचं प्रमाणपत्र कुणी दिलं त्यांना? स्वयंपाकघरानं दिलं.

म्हणून सेवेला निघालेल्या बाळांनो, एक विचारतो. तुमचं कीर्तन ऐकून गाव डोलतं, ठीक आहे. घरचं माणूस काय म्हणतं? सभेत जिभेवर मध आणि घरात तिखट, असं असेल तर मूळ अजून ओलीपर्यंत गेलेलं नाही. आपले प्रभू नासरेथात किती वर्षं राहिले? सेवा आरंभली तेव्हा वय सुमारे तीस वर्षांचं होतं. एवढी वर्षं सुताराच्या घरात, रंधा आणि वाकस यांच्या संगतीत. जगाच्या तारणाऱ्याला घाई नव्हती, आणि आपल्याला दोन वर्षांत व्यासपीठ पाहिजे!

आता थोडं मंडळीला सांगतो. रागावू नका. सेवकाच्या घरी पीठ संपलेलं असतं, त्याच्या लेकराची फी राहिलेली असते, आणि आपण म्हणतो, देव त्याला घडवतोय. अहो, सगळी संकटं देवाच्या नावावर घालू नका! काही संकटं आपल्या कंजुषीनं आलेली असतात. दुष्काळ देवाच्या हातात असेल, पण शेजाऱ्याच्या घरी पायलीभर ज्वारी पोचवणं आपल्या हातात आहे. सेवकाच्या बायकोचा धीर वाखाणायचा आणि तिचं ओझं मात्र उचलायचं नाही, ही भक्ती नव्हे.

राहिली चौथी पायरी, आशेची. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला 'देवाचा दरबार' आरंभला आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धंच राहिलं. ते पुरं कुणी केलं? ज्या बाईला लहानपणी शाळा मिळाली नाही, लग्नानंतर नवऱ्याकडून जिनं अक्षरं गिरवली, त्या लक्ष्मीबाईंनी! १९३४ पासून त्यांची 'स्मृतिचित्रे' निघू लागली. वाचा ती. नवऱ्याचा राग लपवलेला नाही, आणि कडवटपणाही नाही. स्वतःवर हसत हसत सगळं सांगितलं आहे. सोसून सोसून माणूस आंबट होतं. शिडी चढून गेलेलं माणूस गोड होतं. १९३६ साली नाशिकला त्या गेल्या तेव्हा शेवटचा भागही अपुराच होता. तो त्यांच्या दत्तूनं पुरा केला.

बघा बरं! नवऱ्याचं अपुरं काम बायकोनं उचललं, आईचं लेकानं उचललं. आपल्या हयातीत सगळं पुरं होत नाही, आणि व्हावं असा प्रभूचा आग्रहही नाही. आपण मूळ खोल घालायचं. कणीस कोण कापील ते धनी बघेल.

आज घरी गेल्यावर दोन गोष्टी करा. सेवेला निघालेल्यानं घरच्या माणसाला विचारावं, माझं कुठं चुकतं? आणि ऐकून घ्यावं, उत्तर देऊ नये. मंडळीतल्या प्रत्येकानं एका सेवकाच्या घरचा डबा उघडून बघावा, त्यात दाणे आहेत का. एवढं केलंत तर आजचं कीर्तन प्रभूच्या चरणी पावलं म्हणायचं.

टाळ घ्या हातात. बोला, प्रभू येशू ख्रिस्त की जय! आमेन.