बेडक्याची साक्ष



ज्या नगरीत आपण आज जमलो आहोत, त्याच नगरीत, ती मद्रास म्हणून ओळखली जात असताना, १९५६ साली क्षयाच्या औषधोपचाराचे एक संशोधनकेंद्र स्थापन झाले. चेटपट भागातील आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखालील मंडळींनी १९५९ साली जगापुढे निर्वाळा ठेवला, की औषधे नियमाने घेतली तर दाटीवाटीच्या, अर्धपोटी घरातला रोगीही आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो, आणि त्याच्या घरच्यांना त्यामुळे अधिक धोका पोहोचत नाही. गोरगरिबांची घरदार सोडण्याच्या सक्तीतून सुटका करणारा हा फैसला सर्वश्रुत आहे. परंतु तो ज्या साक्षीवर उभा होता ती साक्ष बेडक्याची होती, आणि ती महिनोन्‌महिने निष्ठेने नोंदवणारी प्रयोगशाळा मात्र पडद्याआडच राहिली.

बेडक्यातील क्षयजंतूंच्या अफाट समुदायात एखाद्या औषधाला दाद न देणारे थोडे जंतू, औषध पोटात जाण्यापूर्वीच, स्वभावतः असतात. एकच औषध दिले, किंवा अनेक औषधे धरसोडीने घेतली, तर दाद देणारे मरतात आणि न देणाऱ्यांना रान मोकळे मिळते. हे ओळखता यावे म्हणून प्रयोगशाळेत अख्ख्या अंड्यांचे हिरवट माध्यम नळ्यांत तिरपे घट्ट करतात; काही नळ्यांत औषध मिसळतात, काही कोऱ्या ठेवतात, आणि दोहोंत तेच जंतू पेरतात. औषधाच्या नळीतील वसाहती कोऱ्या नळीतील वसाहतींच्या शेकडा एक किंवा अधिक भरल्या, तर जंतू त्या औषधाला प्रतिरोधी ठरतो. मात्र हा जंतू दुप्पट व्हायलाच सुमारे एक दिवस घेतो. त्यामुळे निकाल हाती येईतो आठवडे लोटतात, आणि तेवढा काळ रोगी कदाचित निरुपयोगी औषध गिळत, घरात खोकत राहतो.

हा विलंब आता पुष्कळ आटोक्यात आला आहे. जंतूच्या जनुकातील बदल थेट वाचून, तो रिफाम्पिसिन या क्षयावरील औषधाला दाद देईल की नाही, हे काही तासांत सांगणारी यंत्रे आली. त्यांपैकी ट्रूनॅट हे आपल्या गोव्यात घडलेले, विद्युत्‌घटावर चालणारे आणि म्हणूनच तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचू शकणारे. तथापि बेडाक्विलिनसारख्या नव्या औषधांसाठी जंतू वाढवून पाहण्याची जुनी, सबुरीची परीक्षा अद्याप अपरिहार्य आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच, की आपल्या घरी, शेजारी वा कारखान्यात कोणास क्षय निघाला, तर ‘औषध सुरू झाले का?’ या प्रश्नाबरोबरच ‘जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हे तपासले का?’ असेही विचारावे. आणि रोग्याने लाळेवर न भागवता, छातीच्या तळातून खोकून, खरा बेडका डबीत द्यावा. घरी राहून बरे होण्याचा जो हक्क या नगरीने रोग्याला मिळवून दिला, त्याचे रक्षण त्या डबीपासून सुरू होते.