पोच घेतली का?

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला येथे उभे केले आहे खरे, पण व्याख्यान देणे हा माझा पिंड नव्हे. माझी सारी नोकरी एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली. आलेल्या कागदावर नंबर घालायचा, तारखेचा शिक्का मारायचा, वहीत नोंद करायची आणि आणणाऱ्याच्या प्रतीवर सही करून ती त्याच्या हाती द्यायची. इतक्या वर्षांत मला ह्या कामाचे फारसे कौतुक कधी वाटले नाही. ते वाटले निवृत्तीनंतर, आणि तेही घरच्याच एका दुःखद प्रसंगाने.

माझे धाकटे दीर अकस्मात गेले. राहत्या घरावर एका गृहकर्ज कंपनीचे कर्ज होते. कर्ज घेताना त्याच्याबरोबर विमाही उतरवलेला होता, म्हणजे कर्जदाराचे बरेवाईट झाले तर विम्याच्या पैशांतून कर्ज फिटावे. जाऊबाईंना हे ठाऊक होते, ही त्यातल्या त्यात नशिबाची गोष्ट. आपल्यापैकी किती जणींना आपल्या घरच्या कर्जावर असा विमा आहे की नाही हे सांगता येईल? आज घरी गेल्यावर विचारा. विचारायला माणूस समोर आहे तोवर विचारा.

पंधरवड्याच्या आत त्या बिचारीने मृत्यूचा दाखला, विम्याचे प्रमाणपत्र, दवाखान्याचे कागद, सारे गोळा करून कंपनीच्या शाखेत नेऊन दिले. खिडकीवरचा मुलगा गोड बोलला. “काकू, काळजी करू नका,” म्हणाला. त्या घरी आल्या. मी विचारले, “पोच घेतली का?” त्या म्हणाल्या, “वहिनी, इतका चांगला बोलला, त्याच्याकडे पावती कशी मागू?”

पुढे तीन महिने काय झाले ते सांगत बसत नाही, तुमच्यापैकी निम्म्या जणींनी ते भोगलेले असेल. फोन केला की यंत्र बोलते, माणूस मिळाला की तो दर वेळी निराळा, आणि प्रत्येकाचे उत्तर एकच: “कागद आमच्याकडे आलेले नाहीत.” तो गोड बोलणारा मुलगा दुसऱ्या गावी बदलून गेला होता. इकडे हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर खात्यातून जात होता. एक महिना पैसे कमी पडले, हप्ता परत गेला, तर त्याचा दंड निराळा. जाऊबाई सहकर्जदार, तेव्हा थकबाकी त्यांच्याही नावावर. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: दावा दिला म्हणून आपल्या मनाने हप्ता थांबवू नका.

चौथ्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर गेले. आदल्या रात्री दोघींनी बसून पत्र लिहिले. वर तारीख, कर्जखात्याचा नंबर, खाली सोबतच्या कागदांची यादी, प्रत्येक कागदाची पाने किती तेही. पत्राच्या दोन प्रती केल्या. कागद दिले ते झेरॉक्स. मूळ कागद पिशवीत, दाखवण्यापुरते. पहिल्या खेपेला दवाखान्याचे मूळ कागदच देऊन टाकले होते. ते अखेरपर्यंत सापडले नाहीत, आणि त्यांच्या नकला मिळवायला आम्हाला दवाखान्याच्या चार खेपा पडल्या.

शाखेतले गृहस्थ म्हणाले, “आम्ही शिक्का देत नाही. ईमेल करा.” मी म्हटले, “बरे, मग ‘कागद घेण्यास नकार दिला’ एवढे ह्या प्रतीवर लिहून सही करा.” ते हसले, आत गेले. पाऊण तासाने बाहेर येऊन म्हणाले, साहेब रजेवर आहेत. आम्ही भांडलो नाही. भांडणाची नोंद कोठेच होत नाही.

तेथून तडक टपालकचेरीत गेलो आणि तेच पत्र कंपनीच्या मुख्य कचेरीतील तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे, पोचपावतीसह स्पीडपोस्टाने धाडले. (२०२५ साली जुने रजिस्टर पोस्ट स्पीडपोस्टात विलीन झाले, पण पोचपावती अजून मागता येते, मागावी मात्र लागते.) पुतण्याने तेच कागद ईमेलने पाठवले आणि तक्रारीचा नंबर मिळवला. हा नंबर फार मोलाचा. महिनाभर उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर वर दाद मागता येते, आणि ‘महिना कधीपासून?’ ह्याला त्या नंबराची तारीख हेच उत्तर. कर्ज बँकेचे असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याला फी नाही. आमच्यासारखी गृहकर्ज कंपनी असेल तर राष्ट्रीय आवास बँकेकडे. आपले कर्ज ह्या दोहोंपैकी कोणाचे ते आधी पाहा, नाहीतर चुकीच्या दारी महिना फुकट जातो.

आमच्यावर तेथवर जाण्याची पाळी आली नाही. एकोणिसाव्या दिवशी एक ओळीचे उत्तर आले: आपली कागदपत्रे मिळाली. बस, एवढेच. जाऊबाई ती ओळ वाचून रडल्या. चार महिन्यांत त्या कधी रडल्या नव्हत्या.

विम्याचा निकाल लागायला आणखी काही महिने गेले, पण लागला. कर्ज फिटले. मग राहिले घराचे मूळ खरेदीखत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये नियम केला आहे की कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि घरावरचा बोजाही उतरवायचा. सावकाराच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले असतील तर त्यांच्या नकला काढून देण्यास साहाय्य करायचे आणि तो खर्च सावकाराने सोसायचा. त्यासाठी त्याला आणखी ३० दिवस मिळतात. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे, आणि गृहकर्ज कंपन्याही त्यातून सुटलेल्या नाहीत.

आमचे खरेदीखत सदतिसाव्या दिवशी मिळाले. जाऊबाई म्हणाल्या, “जाऊ द्या वहिनी, कागद आले ना!” मी म्हटले, सात दिवसांचे पस्तीस हजार होतात, आणि तुमच्या लेकीची फी भरायची आहे. दोन दिवस त्या विचार करीत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पत्र लिहिले, दोन प्रती केल्या आणि एकट्या शाखेत गेल्या. ह्या खेपेला शिक्का मिळाला.

पैसे अजून आलेले नाहीत. त्या पत्राचा नमुना मी आणला आहे. ज्यांना उतरवून घ्यायचा असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडून मागून घ्यावा.