मॉडेलमधलं तळं नेहमी भरलेलं असतं
(लवासा येथील स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



"तू नक्की करतोस काय?" हे कालपासून आठ-दहा जणांनी विचारलं. म्हणून सर्वांना एकदमच सांगतो. मी इमारतींची मॉडेल्स बनवतो. बिल्डरच्या ऑफिसात काचेच्या पेटीत छोट्या इमारती, स्पंजची झाडं आणि इवल्याशा गाड्या दिसतात ना, त्या माझ्यासारखा कोणीतरी करतो. दिवाळीत आपण मातीचे किल्ले करायचो, त्यातल्याच एकाचं त्यावर पोट चाललंय म्हणा!

या कामात इमारत सोपी, डोंगर अवघड. १:१००० प्रमाणात जमिनीवरचा एक मीटर म्हणजे मॉडेलवर एक मिलिमीटर. नकाशात दर ५ मीटर उंचीला रेषा असेल, तर ५ मिलिमीटर सनबोर्डचा एक थर. २०० मीटरचा चढ दाखवायला असे ४० थर लागतात. पूर्वी प्रत्येक रेषा कार्बन पेपरने उतरवायची, कटरने कापायची, फेविकॉलने चिकटवायची. आता ऑटोकॅडची फाइल लेझर मशीनला दिली की काम झालं. फक्त सनबोर्ड तिथे चालत नाही, त्याचा धूर विषारी असतो. म्हणून अ‍ॅक्रिलिक किंवा एमडीएफ घेतो. वरचा थर कुठे बसवायचा, ती रेषही मशीन हलकेच कोरून देतं. जाळ्या, कमानी, घुमट थ्रीडी प्रिंटरवर निघतात.

मशीनमुळे वेळ वाचला, कडा नेमक्या आल्या. तरी डोंगराचे पहिले काही थर मी आजही हाताने कापतो. रेषा दाटीने येतात तिथे कटर अडतो आणि हाताला कळतं, इथे चढ खडा आहे, इथे घर बांधायचं तर मोठी संरक्षक भिंत लागणार. स्क्रीनवर माऊसने डोंगर फिरवताना कोणालाच दम लागत नाही.

आज आपण बसलोय ते गावच आधी आराखड्यात जन्मलं. तो अमेरिकेतल्या एचओके या संस्थेने केला, नमुना इटलीतल्या पोर्टोफिनोचा. दासवे उभं राहिलं. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, २०११ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घरासाठी पैसे भरलेले कितीतरी लोक ताटकळले. दासवे, मुगाव ही गावं तर इथे आधीपासूनच होती.

म्हणून माझ्या धंद्याबद्दल एक गोष्ट सांगतो. मॉडेलमधलं तळं निळ्या अ‍ॅक्रिलिकचं, बारा महिने काठोकाठ. समोरचं वरसगाव धरणाचं पाणी मात्र मे महिन्यात खाली उतरतं आणि काठाची उघडी माती दिसते. एकदा एका बिल्डरने मला सांगितलं, "शेजारचा ओढा दाखवू नका, गिऱ्हाईक बिचकतं." मी म्हटलं, ओढा राहील. ते काम दुसऱ्याकडे गेलं. नकाशा वाचता न येणारा माणूसही मॉडेलसमोर उभा राहून "आमची विहीर कुठंय?" असं विचारू शकतो. त्याच्यासमोर खोटं ठेवायचं नाही, एवढं मी पाळतो.

आपल्यातले बरेच जण आता मुलांसाठी फ्लॅट बघताहेत. मॉडेलसमोर उभे राहाल तेव्हा चार प्रश्न विचारा. प्रमाण काय? उत्तर दिशा कुठे? यातलं आज प्रत्यक्ष उभं काय आहे आणि मंजुरी कशाकशाला मिळाली आहे? पावसाचं पाणी कुठून वाहतं? उत्तरं मिळाली तर मॉडेल कामाचं. नाही मिळाली, तर कौतुक करा, फोटो काढा आणि चेकबुक खिशातच ठेवा.