पाटीआधी चित्र

शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. त्याआधीची शाळा घरातच भरू शकते. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या पुस्तकसंचात आई, बाबा, आजी अशी घरचीच माणसं भेटतात. वाचून दाखवताना घाई नको. पान उलटण्याआधी मुलाला चित्रावर बोट ठेवून बोलू द्या. अक्षरओळख मागाहून होते. मग स्वतःच्या आजीचं चित्र काढू द्या. नाक कानाएवढं झालं, तरी खोडरबर लपवा! साधनं म्हणाल, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षण सुरू केलं ते शिंपले, पानं, बिया घेऊन. आज मटार सोलायला बसाल, तेव्हा मुलाला शेजारी घ्या आणि दाणे मोजायला लावा.