सायकलीला रस्ता हवा, स्टँडही हवा!

(शाखेच्या सर्वसाधारण सभेत चिटणीसांनी केलेले भाषण)



महागाई भत्ता, बढत्या, रिक्त जागा हे विषय झाले. आता सायकलीचा विषय घेतो म्हटल्यावर काही तरुण साथी हसले. हसा, पण ऐका. हा विषय आपल्या खिशाचा आहे आणि हक्काचाही आहे.

आम्ही १९९१ साली खलाशी म्हणून रेल्वेत लागलो. घोरपडीहून पुणे स्टेशन अडीच-तीन किलोमीटर. पाळी रात्री दहाची असो की सकाळी सहाची, बसची वाट पाहावी लागत नसे. सायकल काढली की पंधरा मिनिटांत कामावर हजर. पुण्याची ओळखच तेव्हा सायकलींचे शहर अशी होती.

हिशेब साधा आहे. सायकल तासाला १२ ते १५ किलोमीटर सहज जाते. म्हणजे पाच किलोमीटरला वीस-पंचवीस मिनिटे. थांब्यावरची वाट धरली तर गर्दीच्या वेळी बसलाही यापेक्षा कमी लागत नाही. पेट्रोल नाही, लायसन नाही, विमा नाही. पंक्चर आणि ब्रेकचे रबर एवढाच खर्च. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योगाबाहेरच्या कामकऱ्यांत १०० पैकी सुमारे १३ जण सायकलने कामावर जात होते. ते काही हौसेने जात नव्हते.

मग अडचण कुठे आहे? पाऊस आहे, चढ आहे, हे मान्य. कर्जतहून मुंबईस येणाऱ्या साथीला सायकल मारा असे आम्ही सांगणार नाही. त्याने घर ते स्टेशन एवढीच वापरावी. पण स्टेशनवर ती ठेवायची कुठे? आम्ही एका स्टेशनाबाहेर खांबाला साखळीने बांधलेली नवी सायकल रात्रपाळीत चोरीस गेली. स्टँडवरची सगळी जागा मोटारसायकलींनी व्यापली होती.

रस्त्याचेही तेच. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात पायी चालणारा व सायकलस्वार यांना महत्त्व दिले आहे. पुण्यात सायकल मार्ग बांधले गेले, २०१७ साली सायकल आराखडाही झाला. परंतु अनेक ठिकाणी त्या मार्गावर मोटारी उभ्या असतात आणि सायकलवाला ट्रकच्या चाकाशेजारी! कामगाराचे पाय थकलेले नाहीत, त्याची जागा हिरावली गेली आहे.

आता भत्त्याचे. सातव्या वेतन आयोगाने २०१५ च्या अहवालात सायकल भत्ता बंद करण्याची शिफारस केली होती. आपल्या संघटना गप्प बसल्या नाहीत. २०१७ साली सरकारने टपाल खाते व रेल्वे यांच्यासाठी तो कायम ठेवला आणि दरमहा ९० रुपयांवरून १८० रुपये केला. टायर-ट्यूबचे भाव पाहता ही रक्कम अपुरीच आहे. पण बीटवर सायकल फिरवणाऱ्या पोस्टमन साथीचा हक्क कागदावरून पुसला गेला नाही, हे महत्त्वाचे.

म्हणून आपल्या मागण्या तीन:

१) प्रत्येक स्टेशन, कारखाना व टपाल कार्यालयात छप्पर आणि पहारा असलेला सायकल स्टँड.

२) सायकल मार्गावर मोटारी उभ्या करण्यास सक्त बंदी.

३) सायकल भत्त्यात महागाईप्रमाणे वाढ.

भोपाळ, जबलपूर, हुबळी, सिकंदराबाद, जिथे जिथे आपले मराठी साथी आहेत, तिथल्या शाखांनी आपल्या स्टँडची पाहणी करून निवेदन द्यावे. आम्ही आजही सभेला सायकलनेच आलो आहोत. बाहेर कुंपणाला बांधून ठेवली आहे, आणि बोलताना अर्धे लक्ष तिच्याकडेच आहे!

कामगार एकजुटीचा विजय असो!